शेवटचा रकाना

१७ मे, शनिवार
बावीस वर्षं मी बसच्या वेल्डिंगचे सांधे तपासले आणि डिसेंबरात कंपनीने मला तपासून बाजूला काढलं. निरोपाला केक होता आणि ही डायरी. जानेवारीपासूनची पानं कोरीच आहेत. लिहिण्यासारखं काही घडलं नाही, एवढंच त्याचं कारण.

आता घडतंय. आमचा उन्मेष ऑस्ट्रियात, डॅन्यूबकाठच्या ‘फेरीमेन’ नावाच्या टीमकडून खेळतोय. अमेरिकन फुटबॉल, युरोपातल्या लीगमध्ये, करार करून. इथे विनिपेगच्या युनिव्हर्सिटीत चार वर्षं खेळला, पण इथल्या लीगने त्याला घेतलं नाही. मग गॉर्डीचा फोन आला. हा गॉर्डी उन्मेषचा हायस्कूलचा कोच, आता तिकडे फेरीमेनचा डिफेन्स सांभाळतो. त्याने उन्मेषला बोलावलं, आणि आठवड्याने मलाही काम दिलं.

काम फुकटचं आहे, पण काम आहे. मॅच झाली की तिची फिल्म येते. प्रत्येक चालीचा आठ-दहा सेकंदांचा तुकडा असतो. तो बघून तक्त्यात भरायचं: कुठून सुरू, कोण कुठे उभं, किती यार्ड गेले. शेवटचा रकाना ‘लोफ’चा. शिट्टी वाजेपर्यंत जो खेळाडू जीव तोडून धावला नाही, चालला, रेंगाळला, त्याच्या नावापुढे एक लोफ. सोमवारी सकाळी गॉर्डी तो तक्ता लॉकर रूममध्ये भिंतीला लावतो. मॅचमध्ये तीन लोफ झाले की सगळ्यांदेखत मैदानाला फेऱ्या मारायच्या. पाच झाले की पुढची मॅच बाकावर.

मी एकच अट घातली. तक्ता कोण भरतं हे कुणालाही कळता कामा नये, उन्मेषला तर नाहीच. बाप भरतो म्हटलं की पोराच्या शून्यालाही किंमत राहत नाही.

१८ मे, रविवार
पहिली मॅच, इथले सकाळचे आठ. हरलो, ४१–१०. बायकोने, अरुणाने, चहा घेऊन उभ्याउभ्याच बघितली. तिला खेळ कळत नाही, फक्त तेवीस नंबरचा शर्ट कळतो. उन्मेष सेफ्टी आहे, म्हणजे सगळ्यांच्या मागे उभा राहणारा. त्याला चुकवलं की पुढे कुणी नाही.

उन्मेषला एक लोफ दिला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये चक्क चालत होता, मे महिन्याच्या उन्हात पिकनिकला आल्यासारखा. दुसऱ्या कुणाचं असतं तर कदाचित सोडलं असतं. पण आमचे अण्णा नागपूरला माझ्याच शाळेत गणिताचे मास्तर होते. दीनानाथ मास्तरांचा मुलगा म्हणून मला नेहमी दोन मार्क कमी. आठवीत पेपर अचूक सोडवला तेव्हाही अठ्ठ्याण्णव दिले आणि म्हणाले, उरलेले दोन माझ्या नोकरीचे. सगळी शाळा त्यांच्यापुढे मान झुकवायची. संशय आला तर फायदा परक्याला, घरच्याला नाही, हे मी तिथे शिकलो.

तक्त्याखाली नेहमीप्रमाणे लिहिलं: ‘चेक्ड अँड फाउंड करेक्ट.’ कारखान्यात लिहायचो, क्लब क्रिकेटचा स्कोअर लिहायचो तेव्हाही, आणि उन्मेषच्या पाढ्यांच्या वहीतही.

१ जून, रविवार
तीन मॅच, तीन हार. गेल्या रविवारी उन्मेषला दोन लोफ, तसाच चालत होता. आज ३८–३.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये उन्मेषने एकाला पूर्ण वेगात अडवलं, हेल्मेटला हेल्मेट. आवाज माइकवरसुद्धा ऐकू आला. मी टाळी वाजवली. अरुणा म्हणाली, “त्याचे हात बघा. असे ताठ का झाले?”

मी मागे नेऊन बघितलं. पडल्या पडल्या दोन्ही हात कोपरापासून वर, एखाद्या सेकंदापुरते. मग उठला. मी म्हटलं, तोल सावरताना होतं.

“आमच्याकडे कुणी पडलं ना, तर आधी डोळे बघतो,” ती म्हणाली. ती पर्सनल केअर होममध्ये अठरा वर्षं काम करते.

“तुमच्याकडची माणसं नव्वदीतली आहेत, अरुणा.”

ती आत गेली. पुढच्या चालीला उन्मेष दोन मोजेपर्यंत जागचा हलला नाही. त्याच्या पुढच्या चालीआधी भलत्याच टीमच्या घोळक्याकडे निघाला होता, कुणीतरी खांद्याला धरून वळवलं. मला लाज वाटली. एवढ्या लांब पाठवलेलं पोरगं आणि लक्ष ठिकाणावर नाही. एकूण चार लोफ दिले.

४ जून, बुधवार
उन्मेषचा फोन. व्हिडिओ बंद ठेवला होता. म्हणाला, “द लाइट इज अनॉइंग.” रूममध्ये पडदे नाहीत म्हणे. फेऱ्या मारायला लागल्याचं स्वतः सांगितलं. बॅकयार्डच्या वाफ्यात टोमॅटो लावले का, असं विचारलं. मी सांगितलं, सहा रोपं. फोन ठेवायच्या आधी पुन्हा विचारलं, टोमॅटो लावले का. मी म्हटलं, अरे, फोनवर बोलताना तरी दुसरीकडे बघू नको.

१५ जून, रविवार
मॅनिटोबाच्या उत्तरेला जंगलं पेटली आहेत, तीन दिवस शहरात धूर आहे. खिडक्या बंद करून मॅच बघितली. ५२–७. फेरीमेनचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाली चालवणारा मुख्य खेळाडू, करार मोडून घरी निघून गेला, त्याच्या जागी एक स्थानिक शाळामास्तर खेळतोय. स्टँडमध्ये दीडशे माणसं असतील. काही तर हाफटाइमला उठून गेली.

आठ तारखेला उन्मेषला तीन लोफ होते, आज पाच. पाचवा देताना हात थांबला. धडकेनंतर एका गुडघ्यावर बसला होता, चाल संपायच्या आतच. उठला तर चालत गेला, जोरात धावला नाही. नियमाप्रमाणे लोफच. पण पाच म्हणजे बाकावर. अर्धा तास अंगणात फिरून आलो, धुराने घसा धरला. परत येऊन पाच केले.

१६ जून, सोमवार
गॉर्डीचा फोन. तिकडे रात्र झाली असणार, दमलेला वाटला. “शैल, यू शुअर अबाउट दीज? युवर किड नेव्हर लोफ्ड इन हिज लाइफ.”

मी म्हटलं, फिल्ममध्ये आहे ते लिहिलं.

“यू आर नॉट बीइंग हार्ड ऑन हिम?”

“आय ॲम बीइंग फेअर,” मी म्हणालो.  मग तो म्हणाला, त्याला बाकावर बसवतो; परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्याच असतात, हंगामाच्या मध्याला एकाला घरी पाठवायचंय आणि वरचे लोक तेवीस नंबरचं नाव घेताहेत.

फोन ठेवला आणि बराच वेळ तिथेच बसलो. पोराची जागा जाईल, आणि ती माझ्या हाताने. पण मी एक खोडला तर उद्या सगळा तक्ताच खोटा. अण्णांनी काय केलं असतं हे विचारायचीही गरज नाही.

१८ जून, बुधवार
आज उन्मेषने व्हिडिओ सुरू केला. टोपी डोळ्यांवर ओढलेली, दाढी वाढलेली. थोडं इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, “बाबा, एक विचारू? दॅट गाय हू डज द शीट. तुला काय वाटतं, डझ ही थिंक आय ॲम सॉफ्ट?”

 सांगून टाकावं असं वाटलं. पण म्हणालो, “त्याला दिसतं तेच तो लिहीत असणार.”

“ही सीज एव्हरीथिंग, राइट?”

“काम नीट करणारा असेल तर सगळं दिसतं.”

“ओके,” तो म्हणाला. कितीतरी वेळ माझ्याकडे बघत होता. “ओके, बाबा. देन आय विल रन.”

अरुणाला म्हटलं, बघ, पोरगं शहाणं आहे. योग्य ठिकाणी बोट ठेवलं की पोरं सुधारतात. ती म्हणाली, त्याचा वाढदिवस झाल्यावर मी पाठवलेला मेसेज त्याने दोन आठवडे उघडलेला नाही.

२९ जून, रविवार
जिंकलो. १७–१४. सहा हार आणि मग हा विजय. उन्मेषला पुन्हा घेतलं होतं आणि त्याने जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. प्रत्येक चालीला शिट्टी वाजेपर्यंत धावला. पडला की ताडकन उठायचा. शेवटच्या मिनिटाला त्यांच्या धिप्पाड रनरला गोल लाइनवर डोक्याने अडवलं आणि सगळी टीम त्याच्या अंगावर पडली. लोफ शून्य. दोनदा तपासलं. शून्य.

मॅचनंतर माइकसमोर बोलला. समोरच्या टीमचं नाव चुकून मागच्या आठवड्यातल्या टीमचं घेतलं आणि ‘थँक यू विनिपेग’ म्हणाला. मुलाखत घेणारी हसली, मीही हसलो. अरुणा हसली नाही. मी शिरा करायला घेतला, तर ती म्हणाली भूक नाही. हिला आनंद साजरा करता येत नाही, हे पूर्वीपासूनचंच आहे.

त्याची जागा वाचली. एका अमेरिकन मुलाला घरी पाठवलं.

१३ जुलै, रविवार
४५–०. पुन्हा घसरण. गेल्या रविवारी तीन लोफ, आज सहा. सहा. काय बोलावं. उजव्या बाजूने जाणारा माणूस त्याला दिसतच नव्हता, दोनदा शेजारून गेला. धडकला की उठायला वेळ लागतो. एकदा बाकाजवळ वाकून उलटी केली. मी ‘डिहायड्रेशन’ असं शेऱ्यात लिहिलं, म्हणजे निदान तेवढं तरी त्याच्या बाजूने. गॉर्डीने या वेळी त्याला बाकावर बसवलं नाही. त्याच्या जागी खेळवायला दुसरा सेफ्टीच उरला नाही.

अरुणाने संध्याकाळी विषय काढला. “तुमची गॉर्डीशी ओळख आहे. त्याला सांगा, डॉक्टरला दाखव म्हणून.”

“आईबापांनी कोचला फोन करायचे दिवस हायस्कूलमध्ये संपले. तेवीस वर्षांचा आहे तो.”

“चोवीस,” ती म्हणाली.

मी म्हटलं, त्यांचा फिजिओ आहे ना, त्याला कळत नाही का? ती म्हणाली, “मला दिसतंय ते तुम्हाला का दिसत नाही? तुम्ही तर तीच गोष्ट दहा दहा वेळा बघता.” मग तिने स्वतःच उन्मेषला फोन लावला. त्याने तिला सांगितलं की तो बरा आहे. मी ऐकत होतो, आवाज ठीक होता, फक्त जरा जड. तो म्हणाला, “आई, समबडी इज वॉचिंग. डोन्ट वरी.”

फोन ठेवल्यावर मी अरुणाला म्हटलं, बघ, आहे ना त्यांचा फिजिओ.

२१ जुलै, सोमवार
काल दोनच लोफ. ३१–१३ हरलो. पुढच्या रविवारी सुट्टी आहे. मीच दमलो आहे. एक विजय आणि नऊ पराभव असा तक्ता भरताना वाटतं, बुडत्या बोटीचे खिळे मोजतोय. पण कुणीतरी मोजायला हवेतच.

३ ऑगस्ट, रविवार
चौथ्या क्वार्टरमध्ये साधीच धडक होती. मी त्याहून मोठ्या बघितल्या आहेत. तो लगेच उठला. खरंच लगेच उठला, धावत आपल्या जागी गेला, पुढची चालही खेळला. मग चालत बाकापर्यंत गेला, हेल्मेट काढलं, बसला आणि कुशीवर पडला. प्रक्षेपणात जाहिरात लावली. जाहिरात संपली तेव्हा दुसरंच काहीतरी चालू होतं.

अकरा वाजता गॉर्डीचा फोन आला. डोक्यात रक्तस्राव, ऑपरेशनला नेलंय. अरुणाने फोन माझ्या हातातून घेतला आणि केअर होममध्ये बोलतात तशा आवाजात प्रश्न विचारले. शुद्ध किती वाजता गेली, बुबुळं सारखी आहेत का, कोणतं हॉस्पिटल. लिहून घेतलं. मग पासपोर्ट काढला.

माझा पासपोर्ट मार्चमध्ये संपलाय. मला माहीतच नव्हतं.

४ ऑगस्ट, सोमवार
अरुणा टोरंटोला विमान बदलून पुढे निघाली. उन्मेष जिवंत आहे, व्हेंटिलेटरवर.

कालची फिल्म आली होती. कुणी मागितलं नव्हतं. तरी मी सकाळी बसून तक्ता भरला, सगळ्या एकशे अकरा चाली. हात रिकामे ठेवून बसताच येईना. तेवीस नंबर, लोफ शून्य. खाली नेहमीचं वाक्य लिहिलं आणि पाठवून दिला. आता वाचताना कळत नाही की मी हे का केलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार
डोळे उघडले. आईला ओळखलं. अरुणा फोनवर एवढंच बोलली आणि ठेवला. वाफ्यात टोमॅटो पिकून पडताहेत, मी उचलत नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
फेरीमेनचा हंगाम संपला: एक विजय, अकरा पराभव. क्लब पुढच्या वर्षी लीगमध्ये नसेल, गॉर्डीने ईमेलवर कळवलं. शेवटच्या ओळीत होतं, ‘आय शुड हॅव लुक्ड ॲट हिम इन्स्टेड ऑफ द शीट.’ तक्त्यावर ठपका ठेवून मोकळा झाला. मी उत्तर दिलं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार
उन्मेष घरी आला. बेसमेंटमध्ये राहतो, कारण तिथल्या खिडक्या लहान आहेत आणि अरुणाने त्यांवर काळं कापड लावलंय. डाव्या बाजूला केस कापलेले, त्यात कानापर्यंत टाक्यांची कमान. जिना एकेक पायरी, दोन्ही पाय टेकवत उतरतो. वाचता येत नाही, ओळी हलतात म्हणतो. इंग्लिश शब्द अडकतात, मग लहानपणच्या मराठीवर येतो. आज त्याने विचारलं, “बाबा, टोमॅटो लावले का?” मी म्हटलं, लावले होते. वर आलो आणि सिंकचा नळ सोडून उभा राहिलो.

२६ ऑक्टोबर, रविवार
उद्या न्यूरॉलॉजिस्टकडे जायचंय. तिने विचारलंय, ऑगस्टच्या आधी डोक्याला किती मार लागले, कधी लागले? क्लबच्या नोंदीत एकही नाही. अरुणा म्हणाली, तुमच्याकडे फिल्म आहे, बघा.

सकाळपासून बघतोय. पूर्ण हंगाम, फक्त तेवीस नंबर. हात ताठ झालेले. भलत्या घोळक्याकडे चाललेला. गुडघ्यावर बसलेला. प्रत्येक ठिकाणी तारीख आणि चालीचा नंबर लिहीत गेलो. चौथ्या पानावर लक्षात आलं की हे नंबर मी आधी कुठेतरी लिहिलेत. तक्ते काढले. लोफचा रकाना उघडला. एकूण सव्वीस लोफ. मे महिन्यातले पहिले तीन खरे होते, तो चालत होता. उरलेले तेवीस माझ्या आजच्या यादीशी जुळले. एकही इकडे तिकडे नाही. नवीन यादी फाडून टाकली, जुनीच पुरेशी होती.

अरुणाला बोलावून दाखवलं. लोफ म्हणजे काय, फेऱ्या म्हणजे काय, पाच झाले की काय, सगळं सांगितलं. तिने बसून शेवटच्या पानापर्यंत वाचलं.  आज ती खाली उन्मेषच्या खोलीत झोपणार आहे.

२७ ऑक्टोबर, सोमवार
डॉक्टर तरुण आहे, चाळिशीही नसेल. खोलीतला दिवा तिने आपणहून मंद केला. उन्मेष काळा चष्मा लावून मध्ये बसला, अरुणा त्याच्या पलीकडे. मी कागद पुढे केले. डॉक्टर पानं उलटत राहिली. मग म्हणाली की पेशंटची इतकी बारीक नोंद तिने आजवर बघितली नाही, हे कुणी केलं?

मी म्हटलं, मी. उन्मेषकडे बघायचं धाडस झालं नाही. 

“मला माहितीय,” उन्मेष म्हणाला. सावकाश, शब्द शोधत. “दुसऱ्याच आठवड्यात. भिंतीवर. चेक्ड अँड फाउंड करेक्ट. तिकडे असं कोण लिहिणार?”

“मग बोलला का नाहीस?” हे अरुणाने विचारलं.

त्याने काळा चष्मा काढून हातात घेतला. 

“बाबा बघतोय म्हणून बरं वाटायचं,” तो म्हणाला. “डोकं दुखायचं. पण मला वाटलं, काही झालं असतं तर बाबाने लिहिलं असतं.”

मी लिहिलं होतं. तेवीस वेळा.